पोरींचा सॅफ कप नेमका आला कुठून?

8 फेब्रुवारी 2024 ची संध्याकाळ, बडोद्याच्या लिल्या चिवड्याच्या डब्याला मोबाईल टेकवून मी आणि भाची ढाक्याची मॅच बघत बसलेलो. दक्षिण आशियातल्या देशांच्या सॅफ कपची अंडर 19 मुलींची फायनल, भारत वि. बांगलादेश. आठव्या मिनिटाला सिबानी देवीने गोल टाकला, आता कप आपलाच असं धरून चाललो होतो, तर इंज्युरी टाइममध्ये सागरिकाने बरोबरी केली. मग पेनल्टी. दोन्हीकडच्या अकराच्या अकरा जणींनी, गोलकीपर धरून, गोल केले! 11-11. आणि मग मॅच कमिशनरने चक्क नाणं उडवायला लावलं. टॉस आपण जिंकलो, पोरी नाचायला लागल्या, बांगलादेशच्या पोरी मैदान सोडेनात, थोड्या वेळाने कळलं की असा नियमच नाही, निर्णय फिरवला, तर आता आपल्या पोरी परत खेळायला येईनात. शेवटी दोघांना मिळून चॅम्पियन जाहीर केलं. भाची म्हणाली, मावशी हे असं गल्लीत पण होत नाही गं. खरंय. पण एवढी चुरस या दोन देशांत आली कुठून, ते बघायला जरा मागे जावं लागतं.

सॅफ म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल फेडरेशन, 1997 चं. आपल्याकडे बायकांचं फुटबॉल त्याच्याही आधीपासून आहे, 1975 ला वेगळी महिला फेडरेशन निघालेली आणि त्याच वर्षी पहिली नॅशनल झाली. पण सॅफला बायकांचा कप सुरू करायला 2010 उजाडलं, बांगलादेशात कॉक्स बाजारला. तो आपण जिंकलो, मग कोलंबो, इस्लामाबाद, सिलिगुडी, विराटनगर, सलग पाच. पाचपैकी चार फायनलमध्ये समोर नेपाळ. बांगलादेशकडे तेव्हा कोण बघतंय!

आणि इथेच आपण झोपलो असं माझं मत. कारण खरी तयारी त्या मोठ्या कपात नाही, बारक्या पोरींच्या टूर्नामेंटमध्ये चालू होती. बांगलादेशात 2011 पासून प्राथमिक शाळेतल्या मुलींची देशभर स्पर्धा सुरू झाली. मैमनसिंग भागातलं कलसिंदूर नावाचं सीमेजवळचं खेडं, तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेच्या पोरींनी 2013, 14, 15 अशी ओळीने तीन वर्षं ती मारली. मारिया मांडा, संजीदा अख्तर त्याच गावच्या. मग आशियाई फेडरेशनची अंडर 14 रीजनल, 2015 ला काठमांडूत, फायनल बांगलादेश-नेपाळ ठरलेली आणि 25 एप्रिलला भूकंप. ती फायनल डिसेंबरमध्ये तिथेच जाऊन खेळले आणि बांगलादेश 1-0 ने जिंकलं. पुढच्या वर्षी ताजिकिस्तानात दुशांबेला फायनलमध्ये आपल्याला 4-0 हरवलं. आपल्याकडे याची किती चर्चा झाली? शून्य.

सॅफचा ज्युनियर मुलींचा कप सुरू झाला तो डिसेंबर 2017 ला, अंडर 15, ढाक्यात, चारच टीम: बांगलादेश, भारत, नेपाळ, भूतान. बांगलादेशने अख्ख्या टूर्नामेंटमध्ये एकही गोल खाल्ला नाही, फायनलला आपण 1-0 ने गेलो. 2018 ला थिंपूमध्ये आपण 1-0 ने उट्टं काढलं, 2019 ला परत थिंपू, परत तेच दोघं, पेनल्टीवर आपण जिंकलो. याच 2018 ला अंडर 18 पण निघाला, तो पहिलाच बांगलादेशने नेला, त्यात पाकिस्तानला त्यांनी 17-0 ने हरवलेलं. (पाकिस्तानचं फेडरेशन त्याच वर्षी मार्चपर्यंत फिफाने सस्पेंड केलेलं होतं, पोरी बिचाऱ्या तयारी कधी करणार.) त्यानंतर वयाचा आकडा इतक्या वेळा बदलला, 15, 16, 17, 18, 19, 20, की रेकॉर्ड लावताना डोकं फिरतं. 2023 ला तर अंडर 17 मध्ये पाहुणी म्हणून रशियाची टीम बोलावली आणि तीच कप घेऊन गेली, आता दक्षिण आशियात रशिया कुठून आला ते सॅफलाच ठाऊक.

या सगळ्याचं फळ सप्टेंबर 2022 ला दिसलं. मोठ्यांच्या सॅफमध्ये बांगलादेशने आपल्याला 3-0 हरवलं, सेमीत नेपाळने बाहेर काढलं, आणि फायनल बांगलादेशने 3-1 ने मारली. ढाक्यात उघड्या बसमधून मिरवणूक निघाली, बसमध्ये कोण, तर कलसिंदूरच्याच पोरी. त्यानंतर महिन्याभरातच आपल्याकडे अंडर 17 वर्ल्ड कप होता, तिथे आपण अमेरिका 8, मोरोक्को 3, ब्राझील 5 असे गोल खाल्ले आणि केला एकही नाही.

मी बडोद्याची, सयाजीरावांनी 1906 साली सक्तीचं शिक्षण मुलींनाही लागू केलं त्या गावची, म्हणून कलसिंदूरचं जास्त लागतं. मुली इथे शंभर वर्षांहून जास्त काळ शाळेत जातायत, पण खेळाचं काय? सकाळी पोलो ग्राउंडला गेलं तर क्रिकेटच्या चार नेट आणि फुटबॉलवाल्या पोरी एका कोपऱ्यात, दोन दगडांचा गोल. बडोदा फुटबॉल अकॅडमीची टीम इंडियन विमेन्स लीगपर्यंत जाऊन आली होती, हे भाचीच्या वर्गात कुणालाच माहीत नव्हतं.

भारताच्या पोरींना 2025 बरं गेलं मात्र. ऑगस्टमध्ये थिंपूला अंडर 17 चा कप एक मॅच शिल्लक असतानाच पक्का केला, आणि ऑक्टोबरमध्ये अंडर 17 च्याच पोरींनी किर्गिझस्तानात बिश्केकला उझबेकिस्तानला 2-1 हरवून आशियाई कपचं तिकीट काढलं. त्याच वर्षी अंडर 20 आणि सीनियर टीमनेही आपापल्या आशियाई कपचं काढलेलं.

भाची आता खेळाडूंचं नाव नाही, जन्मसालच सांगते, "ती 2010 ची, मी 2012 ची." पुढच्या अंडर 17 ला आपण वयात बसतो हे तिने बोटांवर मोजून ठेवलंय. ट्रायलला जन्मदाखल्याची झेरॉक्स मागितलीये, दोन दिवस झाले कपाट उपसतोय, दाखला काही सापडत नाहीये.