पॉलिश वेगळं, वॅक्स वेगळं: खान्देशच्या थंडीत गाडीला नेमकं काय लावायचं?

दिवाळी आली की जळगाव-धुळ्याकडच्या वॉशिंग सेंटरांवर गाड्यांची रांग लागते. "काय करनं शे, भाऊ? पॉलिश मारी देऊ का?" असं पोरगं विचारतं, आपण मान हलवतो आणि शेजारच्या टपरीवर चहाला जातो. तासाभरात गाडी अशी चकाकते की तोंड दिसावं. डिसेंबर सरेपर्यंत मात्र ती पुन्हा होती तशीच मळकट, निस्तेज. मग कुणी सेंटरवाल्याला नावं ठेवतं, कुणी धुळीला. गाडीला थंडीसाठी हवं होतं वॅक्स आणि मारलं गेलं पॉलिश, एवढीच गोष्ट असते.

दुकानात दोन्ही डब्या एकाच फळीवर शेजारी-शेजारी असतात, दोन्ही लावून पुसायच्या असतात आणि दोन्हींनी गाडी चमकते. काम मात्र उलट आहे. पॉलिशमध्ये घासणारे अतिशय बारीक कण असतात, बहुतेकदा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक क्लिअर कोट असतो, जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ओरखडा बहुधा याच थरात असतो. पॉलिश तो भरत नाही. त्याच्या आजूबाजूचा थर घासून खाली आणतं, म्हणून ओरखडा दिसेनासा होतो. दर वेळी थोडा क्लिअर कोट जातो आणि गेलेला परत येत नाही. वॅक्स काहीच काढत नाही. ते वर बसतं, एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. सुतार पाटावर आधी रंधा मारतो आणि मग तेलाचा हात देतो, त्यात पॉलिश हा रंधा आणि वॅक्स हे तेल.

डबीवरचं लेबल वाचलं तर फसगत टळते. कंपाउंड, कट, स्क्रॅच रिमूव्हर, स्वर्ल (गोल ओरखडे) रिमूव्हर असे शब्द दिसले की ते घासणारं. कार्नोबा, सीलंट, प्रोटेक्शन असं लिहिलेलं असेल तर वर बसणारं. 'क्लीनर वॅक्स' किंवा 'पॉलिश अँड वॅक्स' अशा दोन्ही कामं एकदम करणाऱ्या बाटल्याही मिळतात. जुन्या गाडीला वर्षातून एकदा त्या ठीक आहेत, पण टिकाऊपणाची फार अपेक्षा ठेवू नये. काही पॉलिशमध्ये तेलं आणि ओरखडे बुजवणारे पदार्थही असतात. गाडी हातात येते तेव्हा आरशासारखी दिसते, दोन धुण्यांत ते निघून जातात आणि ओरखडे पुन्हा हजर. सेंटरवाल्यानं गंडवलंच असेल असं नाही, त्या मालाचा गुणच तो.

थंडीचं कारण मात्र आपलं आपण समजून घ्यायला हवं, कारण डब्यांवरचं बरंचसं लिखाण आपल्यासाठी नाही. अमेरिका-युरोपात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, ते खारट पाणी गाडीवर उडतं आणि पत्रा गंजतो. तिकडे हिवाळ्याआधी वॅक्स लावतात ते मुख्यतः त्या मिठामुळे. आपल्याकडे ना बर्फ ना मीठ. आपल्याकडे आहे दव आणि धूळ.

नोव्हेंबरपासून खान्देशात रात्री पारा झपाट्याने उतरतो. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातली नोंद दहाच्या खाली गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, आणि त्याच दिवशी दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो. उघड्यावर लावलेल्या गाडीचं छत रात्री आकाशाकडे उष्णता सोडत राहतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं, म्हणून दव आधी छतावर आणि बॉनेटवर साचतं. ते पडतं कशावर? कापसाच्या गाड्या, नांगरलेली शेतं, कुठे ना कुठे खोदलेला रस्ता, यांच्या दिवसभराच्या धुळीवर. सारंगखेड्याच्या यात्रेत दिवसभर गाडी उभी करून पाहा, मूळ रंग कोणता ते काचेवरून ओळखावं लागेल.

आता सकाळी सातची वेळ. बॉनेटवर थेंब आहेत, थेंबाखाली धूळ आहे, धुळीत रेतीचे कण आहेत. आपण डिक्कीतून फडकं काढतो. बहुधा जुना बनियन, कालचाच, कालच्या धुळीसकट. तो गोल-गोल फिरवतो. ओल्या मातीचा पातळ लेप तयार होतो आणि त्यातले कण क्लिअर कोटवर गोल फिरतात. ओलं असताना काही दिसत नाही, उलट गाडी स्वच्छ वाटते. अकराच्या उन्हात काळ्या किंवा गडद निळ्या गाडीकडे तिरपं पाहा, सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक गोल ओरखड्यांची वर्तुळं दिसतील. रस्त्यावरच्या खडीनं होत नाही तेवढं नुकसान हे फडकं करतं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते ओरखडे घालवायला आपण पुढच्या दिवाळीला पुन्हा पॉलिश मारतो, क्लिअर कोट आणखी पातळ होतो, आणि फडकं आहे तिथेच.

वॅक्स इथे उपयोगी पडतं. वॅक्स केलेल्या पृष्ठभागावर दवाचे थेंब गोल बसतात आणि धूळ घट्ट चिकटत नाही. आधी नुसतं पाणी ओतलं की बरीचशी माती वाहून जाते, मग स्वच्छ मायक्रोफायबरनं टिपून घ्यायचं. कोरडं फडकं ओढलं तर वॅक्सवरही ओरखडे पडतातच, ते चिलखत नव्हे. धुळीवरूनच कव्हर घालणाऱ्यांनाही हेच लागू. वारा सुटला की कव्हर फडक्याचं काम करतं.

थंडीत आणखी काही गोष्टी रंगावर येतात. लिंबाखाली गाडी लावली तर पाखरांची विष्ठा. ती दुपारच्या उन्हापर्यंत राहिली की डाग उमटतो. शेतातल्या भरीत पार्टीला कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतात, तेव्हा वाऱ्याच्या बाजूला उभी असलेली गाडी काजळी घेऊनच घरी येते. (जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं, काजळीला नाही.) रावेर-यावल-सावद्याच्या पट्ट्यात केळीचा चीक असतो. कपड्यावर पडला तर तो डाग निघत नाही हे तिकडच्या लेकरालाही ठाऊक असतं, आणि रंगावर वाळला तर तोही हट्टी. वॅक्सचा थर असेल तर हे सगळं आधी त्या थराशी झगडतं आणि लवकर धुतलं तर निघतं. बोअरच्या जड पाण्याचं मात्र वेगळं आहे. वॅक्सवर थेंब उंच उभे राहतात, ते तसेच वाळले तर त्यातलं कॅल्शियम गोल पांढरा डाग होऊन बसतं. म्हणून वॅक्स केलेली गाडी धुऊन उन्हात सोडून देऊ नये, लगेच पुसावी. डाग पडलेच तर पांढरा व्हिनेगर पाण्यात निम्मा करून हलकेच लावायचा आणि भरपूर पाण्यानं धुवायचा. तिथलं वॅक्स थोडं जातं, ते पुन्हा लावून घ्यायचं.

वॅक्स कोणतं घ्यायचं? कार्नोबा हे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. नैसर्गिक मेणांत ते फार कठीण, सुमारे ८२ ते ८६ अंशाला वितळतं. त्याची चमक ओलसर, खोल दिसते आणि गडद रंगावर तर फारच शोभते. पण ते टिकतं साधारण दीड-दोन महिने. सिंथेटिक सीलंट कारखान्यात बनवलेल्या पॉलिमरचं असतं. त्याची चमक थोडी काचेसारखी, कोरडी. पण चार ते सहा महिने सहज निघतात, उघड्यावरच्या गाडीला त्याहून कमी धरावे. दोन्हींचं मिश्रण असलेली उत्पादनंही आहेत. अमेरिकेतलं 'कॉलिनाइट ८४५' हे थंड देशांत हिवाळ्यासाठी नावाजलेलं द्रव वॅक्स त्यातलंच. थंडीत ते बाटलीतच घट्ट होतं, मग बाटली कोमट पाण्यात ठेवून हलवून घेतात.

माझा कौल खान्देशासाठी सीलंटला. थंडी दोन-तीन महिन्यांची, तेवढी कार्नोबानंही निघेल. पण लगेच मार्च येतो, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळला ४५ अंशात उभ्या असलेल्या काळ्या गाडीचा पत्रा हात ठेवू देत नाही. दोन महिन्यांनी पुन्हा कार्नोबाची डबी उघडणारे लोक थोडे. ज्यांना रविवारी गाडीशी खेळायला आवडतं त्यांनी सीलंटवर कार्नोबाचा हात द्यावा. क्रम उलटा करू नये, मेणावर सीलंट नीट धरत नाही. सिरॅमिक कोटिंग हा निराळा आणि महागडा विषय आहे, घरी पहिल्याच खेपेला त्या वाटेला जाऊ नये.

लावायची योग्य वेळ म्हणजे पाऊस पूर्ण थांबल्यावर आणि कडाक्याची थंडी पडण्याआधी. डिसेंबरात लावायचं असेल तर सकाळी दहानंतर, सावलीत. पत्रा दवानं ओला असेल तर वॅक्स धरत नाही आणि उन्हानं तापलेला असेल तर पुसतानाच वाळून चिकटतं. जिनिंगच्या आसपास राहत असाल तर उघड्या अंगणात करू नका. ओल्या वॅक्सवर कापसाचे तंतू बसले की ते वेचता वेचता जीव जातो.

आधी गाडी कार शॅम्पूनं धुवायची. दोन बादल्या घ्यायच्या, एक शॅम्पूची आणि एक कापड खळबळायला. कपड्यांची पावडर वापरायची नाही, ती जुना थरही उतरवते. पुसून कोरडी केल्यावर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून बोटं फिरवा. नुसत्या बोटाला गुळगुळीत लागलेला पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो. धुऊन न निघालेले कण असतात ते. त्यासाठी क्ले बार, म्हणजे ते कण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी मिळते. पाणी आणि शॅम्पूचा निसरडेपणा ठेवून ती हलकी फिरवायची. जमिनीवर पडली तर फेकून द्यायची. त्यानंतर उन्हात पाहून ओरखडे खरोखर डोळ्यांत भरत असतील तरच पॉलिश, आणि ते वॅक्सच्या आधी. नवीन गाडीला पॉलिशची गरज नसते.

वॅक्स फोमच्या पॅडवर अगदी थोडं घ्यायचं आणि एका वेळी एकच भाग करायचा: आधी अर्धं बॉनेट, मग एक दार. जाड थर जास्त टिकतो हा गैरसमज आहे. जास्तीचं सगळं पुसून फेकलंच जातं आणि वर हातही दुखतो. धुरकट पांढरं झालं की बोट ओढून पाहा. फरफट उमटली तर थांबा, बोटाखालून स्वच्छ चमक निघाली तर मायक्रोफायबरनं पुसा. काळ्या प्लॅस्टिकवर लागलेलं वॅक्स पांढरं वाळतं आणि महिनोन् महिने दिसत राहतं, तिथे आधी मास्किंग टेप लावा.

अपवादही आहेत. जुन्या जीप, अँबॅसिडर, मारुती ८०० अशा कित्येक गाड्यांवर क्लिअर कोट नसतो. पॉलिश करताना कापडावर गाडीचाच रंग आला तर घाबरू नका, तो वर मेलेला रंग आहे. खडूसारख्या पडलेल्या अशा रंगाला पॉलिशच हवं, त्याशिवाय वॅक्सचा उपयोग नाही. नुकत्याच रंगवलेल्या भागाला पेंटर सांगेल तितके दिवस, साधारण एक ते तीन महिने, वॅक्स लावायचं नाही. मॅट फिनिशला साधं पॉलिश किंवा वॅक्स कधीच नाही.

थर शिल्लक आहे की नाही हे गाडी धुताना कळतं. पाणी छोटे, गोल थेंब धरत असेल तर आहे. चादरीसारखं पसरून रेंगाळत असेल तर गेला. फेब्रुवारीअखेरीस हे एकदा पाहून दुसरा हात मारून घ्यावा, म्हणजे धुळवडीचा रंग उडाला तरी तो धुऊन निघण्याची शक्यता राहते आणि उन्हाळ्याला गाडी उघडी सामोरी जात नाही.