खाण सापडली म्हणून चुंबक बनत नाही

एप्रिल 2025 मध्ये ट्रम्पने टॅरिफचा बार उडवला आणि दोनच दिवसांत चीनने सात रेअर अर्थ (दुर्मीळ मृदा) धातूंवर आणि गाड्यांच्या मोटरमध्ये लागणाऱ्या त्यांच्या चुंबकांवर एक्स्पोर्ट लायसन्सची अट टाकली. बंदी नाही हं, नुसती अट, अर्ज करा आणि वाट बघत बसा. मे महिन्यात फोर्डचा शिकागोचा प्लांट आठवडाभर बंद, जपानमध्ये सुझुकी स्विफ्टचं प्रॉडक्शन थांबलं, आणि जुलैमध्ये आपल्या पुण्याच्या बजाज ऑटोने सांगून टाकलं की असंच चाललं तर ऑगस्टमध्ये एकही इलेक्ट्रिक गाडी बाहेर पडणार नाही कदाचित.

आता हे धातू फक्त चीनच्याच जमिनीत आहेत का, तर अजिबात नाही. एकूण 17 मूलद्रव्यं, त्यातलं सेरियम तर पृथ्वीच्या कवचात साधारण तांब्याइतकं आहे. खाणकामात चीनचा वाटा 70 टक्क्यांच्या आसपास, पण शुद्धीकरणात जवळपास 90, आणि माझ्या मते सगळी गोची या दुसऱ्या आकड्यात आहे.

कारण ही मूलद्रव्यं एकाच दगडात एकमेकांत मिसळून येतात आणि रासायनिकदृष्ट्या जुळी भावंडंच, बहुतेक सगळी तीन इलेक्ट्रॉन देणारी, आकारही जवळजवळ सारखा. म्हणून दगड आम्लात विरघळवायचा, त्यात केरोसीनसारखं तेल आणि एक खास रसायन घालून ढवळायचं, थर वेगळे होऊ द्यायचे. एखादं मूलद्रव्य तेलात किंचित जास्त जातं. किंचितच! मग पुढची टाकी, परत तेच, अशा शेकडो टाक्या एकामागे एक, आणि शेवटी उरतं आम्लाचं पाणी आणि बऱ्याचदा किरणोत्सारी थोरियम.

किती टाक्या, किती प्रवाह, याचं गणित 1970च्या दशकात शू ग्वांगशियान या केमिस्टने बसवलं, आणि गंमत म्हणजे हा माणूस अमेरिकेतल्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकून 1951 ला चीनला परतलेला. इकडे कॅलिफोर्नियातली माउंटन पास खाण, जी एके काळी जगाला माल पुरवायची, ती 2002 मध्ये बंद पडली, पुढे परत सुरू झाली तरी अनेक वर्षं तिथला माल शुद्धीकरणाला जात होता चीनलाच.

बरं, इशारा आधीच मिळाला होता. 2010 मध्ये चीन आणि जपान दोघेही हक्क सांगतात त्या सेनकाकू बेटांजवळ जपानने एका चिनी बोटीच्या कॅप्टनला पकडलं आणि चीनमधून जपानला जाणारा रेअर अर्थचा माल अडकला. जपान शहाणा झाला, त्याने रेअर अर्थ काढणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत पैसे घातले. बाकीच्यांनी भाव उतरल्यावर विषय सोडून दिला, स्वस्त मिळतंय तर कोण कशाला आम्लाच्या टाक्या बांधेल?

आपल्याकडे केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट हे रेअर अर्थ असलेलं खनिज आहे, सरकारी कंपनी आयआरईएल (जुनं नाव इंडियन रेअर अर्थ्स) 1950 पासून आहे, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने चुंबक कारखान्यांसाठी 7,280 कोटींची योजना मंजूर केली, टार्गेट वर्षाला 6,000 टन. चुंबकातला मुख्य रेअर अर्थ धातू नियोडिमियम या वाळूत मिळतो. पण मोटर तापली की चुंबकाची ताकद घटते, ती टिकवायला जे डिस्प्रोसियम आणि टर्बियम (हेही रेअर अर्थच) लागतं ते आपल्या वाळूत नावापुरतंच. ते मुख्यतः येतं दक्षिण चीनमधून आणि म्यानमारच्या काचिन राज्यातून, आणि तिथल्या मुख्य खाणपट्ट्यावर ऑक्टोबर 2024 पासून बंडखोरांचा ताबा आहे.