हरवलेलं मूल आणि कुणीच न रचलेलं गुपित

हरवलेल्या मुलाभोवती फिरणाऱ्या थरारकथांचा साचा एव्हाना आपल्या अंगवळणी पडला आहे. मूल नाहीसं होतं, घरातलं एकेक माणूस संशयाच्या घेऱ्यात येतं आणि शेवटच्या पानांत कळतं की कुणीतरी वर्षानुवर्षं धडधडीत खोटं बोलत होतं. स्मृतीवर संशोधन करणारे या साच्याशी सहमत होणार नाहीत. घरात मोठं गुपित तयार व्हायला कुणी खोटं बोलायलाच हवं असं नाही. सगळ्यांनी मनापासून खरं सांगितलं तरी ते तयार होतं.

अमेरिकेत हे प्रत्यक्ष घडलं आहे. ऑगस्ट १९१२मध्ये लुइझियाना राज्यातलं डनबार कुटुंब स्वेझ लेक या तळ्यावर मासेमारीला गेलं आणि तिथून त्यांचा चार वर्षांचा बॉबी बेपत्ता झाला. तळं पिंजून काढलं, मगरी पकडून त्यांची पोटं फाडून पाहिली, हाती काही लागलं नाही. आठ महिन्यांनी शेजारच्या मिसिसिपी राज्यात विल्यम वॉल्टर्स नावाच्या माणसाबरोबर साधारण त्याच वयाचा एक मुलगा सापडला. वॉल्टर्स गावोगाव हिंडून पियानो आणि ऑर्गन दुरुस्त करायचा. त्याचं म्हणणं होतं, हा ब्रूस, ज्युलिया अँडरसनचा मुलगा, तिनेच माझ्याबरोबर पाठवलाय.

पुढची ओळखपरेड बारकाईने पाहण्यासारखी आहे. बॉबीची आई लेसी हिची पहिल्या भेटीतली प्रतिक्रिया काय होती, याबद्दल त्या काळच्या वर्तमानपत्रांचं एकमत नाही. दुसऱ्या दिवशी तिने मुलाला आंघोळ घातली, अंगावरचे तीळ आणि व्रण पाहिले आणि हा आपलाच बॉबी असं सांगितलं. मग ज्युलियाला बोलावलं. तिच्यासमोर पाच मुलं उभी केली. तिला पहिल्या दिवशी ठामपणे सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी कपडे उतरवून पाहिल्यावर तीही म्हणाली, हा माझाच. एकाच मुलाच्या अंगावर दोन आयांना आपापल्या खुणा सापडल्या! ज्युलिया गरीब, त्यात अविवाहित माता. तिच्या त्या एका दिवसाच्या चाचरण्याचं वर्तमानपत्रांनी भांडवल केलं, लेसीच्या बाबतीत मात्र तितकी चिकित्सा झाली नाही. मुलगा डनबारांकडे गेला आणि वॉल्टर्स अपहरणाच्या गुन्ह्यात दोषी ठरला.

पोटचं पोर ओळखू येत नाही, हे कसं? ओळखीचा चेहरा आपण सहज ओळखतो आणि अनोळखी चेहऱ्याच्या बाबतीत साफ फसतो. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात लोकांना चाळीस फोटो देऊन माणसांप्रमाणे गट पाडायला सांगितलं. फोटो होते फक्त दोन डच कलाकारांचे. त्यांना न ओळखणाऱ्या ब्रिटिशांनी साधारण सात-आठ गट पाडले, नेदरलँड्सच्या लोकांनी मात्र बहुतेक वेळा बरोबर दोन. पण चार-पाच वर्षांचं मूल आठ महिन्यांत उंच होतं, रोडावतं, उन्हाने रापतं. ओळखीचा चेहरा थोडा परका झालेला असतो आणि ही उरलेली फट अपेक्षा भरून काढते.

ती अपेक्षा किती तीव्र असेल, याचा अंदाज संशोधक पॉलीन बॉस यांच्या कामातून येतो. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा त्यांनी १९७०च्या दशकात अभ्यास केला. माणूस गेला म्हणावं तर पुरावा नाही, आहे म्हणावं तर समोर नाही. अशा दुःखात रडून मोकळंही होता येत नाही, कारण शोक करणं म्हणजे आशा सोडणं वाटतं. माझ्या मते लेसीच्या निर्णयात तिळांपेक्षा या आठ महिन्यांचा वाटा मोठा होता.

आणि खुद्द मुलाचं काय? त्याला तर आठवत असेलच! इथेच थरारकथा सर्वांत जास्त फसवतात. त्यांच्यात बालपणीची आठवण बंद कपाटातल्या पत्रासारखी जशीच्या तशी निघते. प्रत्यक्षात मोठ्या माणसांची सर्वांत जुनी आठवण सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते आणि त्या काळातलं बहुतेक सगळं शाळकरी वयातच पुसलं जातं. स्मृतीच्या अभ्यासक पॅट्रिशिया बाउर आणि मरीना लार्किना यांनी मुलांशी त्यांच्या तिसऱ्या वर्षी घडलेल्या प्रसंगांबद्दल तेव्हाच बोलून घेतलं आणि पुढे पुन्हा विचारलं. पाच ते सात वर्षांच्या मुलांना साठ टक्क्यांहून अधिक प्रसंग आठवत होते, आठ-नऊ वर्षांच्या मुलांना चाळीस टक्क्यांहून कमी.

रिकामी झालेली जागा घरचे लोक भरतात. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलीन पिकरेल यांनी १९९५मध्ये २४ जणांना त्यांच्या लहानपणीच्या चार गोष्टी वाचायला दिल्या. तीन खऱ्या, नातेवाइकांकडून मिळवलेल्या. चौथी बनावट: पाच वर्षांचा असताना तू शॉपिंग मॉलमध्ये हरवला होतास. सुमारे पाव लोकांना ती अंशतः किंवा पूर्ण ‘आठवली’. नमुना फारच छोटा, अशी टीका त्यावर झाली आणि ती रास्तच होती. पण २०२३मध्ये १२३ जणांवर हाच प्रयोग पुन्हा झाला तेव्हा प्रमाण ३५ टक्के निघालं. यात गोष्ट कुणी सांगितली याला महत्त्व आहे. परक्याने सांगितलेल्या किश्श्यावर आपण शंका घेतो, ‘तुझ्या आईनेच सांगितलंय’ म्हटल्यावर कोण घेईल? ब्रूस असो वा बॉबी, त्या मुलाला ‘तू बॉबीच’ हे घरच्यांकडून रोज ऐकायला मिळत होतं.

तो बॉबी डनबार म्हणूनच वाढला, संसार केला आणि १९६६मध्ये वारला. वॉल्टर्सने दोन वर्षं तुरुंगात काढली. वरच्या न्यायालयाने फेरसुनावणी मंजूर केल्यावर पुन्हा खटला चालवण्याचा खर्च नको म्हणून सरकारी पक्षाने त्याला सोडून दिलं. २००४मध्ये कुटुंबातल्या एका नातीच्या चिकाटीमुळे डीएनए चाचणी झाली. चाचणी दोघांची झाली: बॉबी म्हणून वाढलेल्या या मुलाचा मुलगा आणि खऱ्या बॉबीच्या धाकट्या भावाचा मुलगा, म्हणजे कागदोपत्री सख्खे चुलत भाऊ. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळपास न बदलता जातं, त्यामुळे असं नातं खरं असेल तर लपत नाही. हे दोघे रक्ताचे नातेवाईक नव्हते.

तो मुलगा बॉबी नव्हताच, हे वॉल्टर्स आणि अँडरसन यांच्या वंशजांचं म्हणणं खरं ठरलं. डनबारांपैकी काही जण मात्र चाचणी करवून घेतल्याबद्दल नाराज झाले. त्यांच्या घरात ९० वर्षं कुणी काही लपवलेलंच नव्हतं.