प्रोसेसरला सलग झोप हवी

‘लिनक्स टाकलं की लॅपटॉपची बॅटरी लवकर उतरते’ ही तक्रार संगणक शिकणाऱ्या मुलांकडून नेहमी ऐकू येते. (लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, पण खुली आणि फुकट कार्यप्रणाली.) काही लॅपटॉपवर ती खरीही असते. पण त्यावर दिला जाणारा सल्ला, म्हणजे ‘प्रोसेसरचा वेग कायमचा कमी करून ठेव’, बहुतेक वेळा चुकीच्या जागी बोट ठेवतो.

आधी थोडं भौतिकशास्त्र. चिपमधले ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना जी वीज खातात, ती व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वारंवारतेच्या प्रमाणात असते. वेग कमी केला की व्होल्टेजही कमी करता येतं, म्हणून काही मर्यादेपर्यंत फायदा नक्की होतो. पण व्होल्टेज एकदा तळाला गेलं की पुढे वेग घटवून उपयोग नाही. काम तेवढंच राहतं, फक्त रेंगाळतं, आणि ते संपेपर्यंत मेमरी, आतल्या वाहिन्या, चिपला ठोके देणारी घड्याळं सगळं जागं ठेवावं लागतं. त्यापेक्षा काम झटकन उरकून झोपून जाणं अनेकदा स्वस्त पडतं.

आणि झोपायला वेळ भरपूर असतो. तुम्ही मजकूर टंकत असाल तर दोन कळांमध्ये सहज पाव सेकंद जातो. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची तेवढ्यात ७५ कोटी आवर्तनं होतात. लॅपटॉपचा बहुतेक वेळ असा रिकामा असतो. बॅटरी किती टिकेल, हे त्या रिकाम्या वेळात प्रोसेसर काय करतो यावर ठरतं.

झोपेच्या पायऱ्या असतात. त्यांना सी-अवस्था म्हणतात. सी-१ म्हणजे नुसतं डोळे मिटणं. पुढच्या पायऱ्यांत घड्याळ थांबतं, कॅश (प्रोसेसरची आतली छोटी, वेगवान मेमरी) रिकामी केली जाते, शेवटी गाभ्याचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागाचा (कोअरचा), वीजपुरवठाच तोडला जातो. जितकी झोप गाढ तितकी बचत जास्त, पण आत जायला आणि बाहेर यायलाही वेळ आणि वीज लागते. म्हणून प्रत्येक पायरीला एक किमान मुक्काम ठरलेला असतो. त्याआधीच उठावं लागलं तर वीज वाचत नाही, उलट जास्त जाते. इंटेलच्या २०१५ च्या स्कायलेक प्रोसेसरसाठी लिनक्सच्या कर्नलमध्ये (प्रणालीच्या मुळाशी असलेल्या, प्रोसेसर आणि उपकरणं सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) जो तक्ता आहे, त्यात सी-१ चा किमान मुक्काम २ मायक्रोसेकंद आहे, सी-६ चा २०० आणि सर्वांत गाढ सी-१० चा ५०००, म्हणजे ५ मिलिसेकंद. सी-१० मधून जागं व्हायलाच ८९० मायक्रोसेकंद लागतात.

आता जुन्या पद्धतीकडे पाहू. लिनक्स ज्या युनिक्स घराण्यातली, त्या घराण्यातल्या प्रणाली परंपरेने ठरावीक ठोक्यावर चालत. टायमर दर सेकंदाला ठरलेल्या वेळा प्रोसेसरला उठवतो, कर्नल घड्याळ पुढे सरकवतं, कुणाची पाळी आहे ते बघतं आणि पुन्हा शांत होतं. या ठोक्याला टिक म्हणतात. लिनक्समध्ये साध्या पीसीवर आधी सेकंदाला १०० टिक होते, कर्नलच्या २.६ मालिकेत ते १००० झाले आणि २००५ च्या २.६.१३ आवृत्तीत मूळ निवड २५० वर आली. २५० टिक म्हणजे दर ४ मिलिसेकंदांनी एक जाग. वरचा तक्ता आठवा: सी-१० ला ५ मिलिसेकंद हवेत. ती पद्धत आजही तशीच असती तर संगणक पूर्ण रिकामा असतानाही सर्वांत गाढ झोप एकदासुद्धा फायद्याची ठरली नसती! दुपारी वामकुक्षीला आडवं व्हावं आणि डोळा लागायच्या आत दाराची बेल वाजावी, पुन्हा पुन्हा, आणि दारात कुणीच नसावं, अशी ती अवस्था.

यावरचा उपाय मला कर्नलमधल्या सगळ्यांत सुंदर बदलांपैकी एक वाटतो. थॉमस ग्लाइक्स्नर आणि इंगो मोल्नार यांच्या कामातून आलेली टिकविरहित रचना २००७ च्या २.६.२१ आवृत्तीत दाखल झाली. रिकामं होताना कर्नल स्वतःच्या टायमरांची, म्हणजे वेळ लावून ठेवलेल्या कामांची, यादी बघतं, पुढचं काम नेमकं कधी आहे ते काढतं, प्रोसेसरच्या टायमरला तेवढ्या एकाच वेळेसाठी लावतं आणि मधले सगळे ठोके रद्द करतं. यात एक गंमतशीर अडचण होती. त्या काळच्या अनेक प्रोसेसरमध्ये गाभ्याजवळचा टायमर गाढ झोपेत स्वतःच बंद पडायचा. उठवणाराच झोपला तर? म्हणून चिपच्या बाहेरच्या, न झोपणाऱ्या टायमरकडे काम सोपवून मगच झोपायची व्यवस्था करावी लागली. नंतरच्या प्रोसेसरमध्ये आतला टायमर झोपेतही चालू राहू लागला.

लावलेल्या टायमरांची वेळ तर ठाऊक आहे, पण कळ कधी दाबली जाईल, नेटवर्कवरून माहितीचं पाकीट कधी येईल, हे कसं कळणार? तिथे कर्नल अंदाज बांधतं. ‘मेन्यू’ नावाचा नियंत्रक (कर्नलमधला, झोपेची पायरी निवडणारा भाग) पुढच्या टायमरपर्यंतचा वेळ घेतो, आधीचे अंदाज किती चुकले होते त्या प्रमाणात तो कमी करतो, शिवाय शेवटच्या आठ झोपांच्या लांबीत काही ठरावीकपणा दिसतो का ते तपासतो. त्यातून आलेल्या वेळेत किमान मुक्काम बसेल अशी गाढ पायरी निवडली जाते. हे सगळं सेकंदाला शेकडो वेळा होतं. २०१९ पासून ‘टीईओ’ नावाचा दुसरा नियंत्रकही उपलब्ध आहे.

कर्नल सुधारल्यावर उरलेले दोषी उघडे पडले. इंटेलने २००७ मध्येच पॉवरटॉप हे साधन आणलं. कोणता प्रोग्रॅम प्रोसेसरला सेकंदाला किती वेळा उठवतो, ते त्यात थेट दिसतं. काहीही करत नसलेले प्रोग्रॅम ‘काही नवीन आलं का’ म्हणून सतत डोकावत होते. त्यावर एक साधा तोडगा निघाला: घाई नसलेले टायमर एकाच क्षणी गोळा करायचे, म्हणजे दहादा उठण्याऐवजी एकदाच उठावं लागतं. त्याच वर्षी जीलिब या, लिनक्सवरचे अनेक प्रोग्रॅम वापरतात त्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) केवळ सेकंदांच्या हिशेबाने चालणारा टायमर आला, तो यासाठीच.

एक टायमर चुकला की एक गाभा जागतो. उपकरण चुकलं तर पूर्ण चिप जागते, कारण सर्व गाभे झोपले तरी डिस्कची जोडणी किंवा ध्वनीची चिप जागी असेल तर चिपमधल्या सर्व गाभ्यांच्या सामाईक भागाला गाढ झोप लागत नाही. म्हणून लिनक्सच्या फेडोरा या वितरणाच्या २०१८ मधल्या २८ व्या आवृत्तीत साटा (डिस्कची) जोडणी, ध्वनी आणि ब्लूटूथ यांची वीजबचत आपोआप चालू होईल अशी सोय केली गेली.

इथे एक कळकळीची सूचना. कर्नलला द्यायच्या लांबलचक सूचना कुठून तरी उचलून चिकटवणं, दोन-दोन वीजबचत साधनं एकाच वेळी बसवणं, ‘मेमरी साफ’ करणाऱ्या प्रोग्रॅमवर विश्वास ठेवणं, ही सरळ अंधश्रद्धा आहे. मेमरीची चिप भरलेली असो वा रिकामी, तिला ताजं ठेवायला लागणारी वीज जवळपास तेवढीच असते. दोन साधनं एकमेकांची सेटिंग पुसतात. चार्जर काढा, पॉवरटॉप चालवा, किती वॅट जातात आणि चिप गाढ अवस्थेत किती टक्के वेळ असते ते लिहून ठेवा. मग एकच गोष्ट बदला आणि पुन्हा मोजा. ५० वॅटतासांच्या बॅटरीवर १० वॅट गेले तर ती पाच तास चालेल, ५ वॅटवर आणली तर दहा.

झाकण मिटल्यावरही हाच हिशेब लागू होतो. पूर्ण लॅपटॉप झोपवणाऱ्या जुन्या एस-३ निद्रेत जवळपास केवळ मेमरीला वीज मिळते आणि बाकी सगळं फर्मवेअर (मदरबोर्डच्या चिपमध्येच साठवलेला प्रोग्रॅम) बंद करतं. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये एस-३ उरलेलीच नाही. तिथे लिनक्स सगळे प्रोग्रॅम गोठवतं, उपकरणं थांबवतं आणि वर सांगितलेल्याच सी-अवस्थांवर विसंबतं. एकच उपकरण जागं राहिलं की लॅपटॉप पिशवीत तापतो आणि सकाळी बॅटरी रिकामी मिळते. इंटेलच्या अशा लॅपटॉपवर पूर्ण यंत्रणा सर्वांत गाढ अवस्थेत किती मायक्रोसेकंद होती, हे कर्नल एका फाइलीत दाखवतं. झाकण मिटण्याआधी तो आकडा पाहा, उघडल्यावर पुन्हा पाहा. तो हललाच नसेल तर एकेक उपकरण काढत, एकेक ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) उतरवत तेच मोजमाप करत जा. ज्या क्षणी आकडा वाढतो, त्याच्या लगेच आधी काढलेलं उपकरण किंवा उतरवलेला ड्रायव्हर यंत्रणेला जागं ठेवत होता.