शीतसह ताडवृक्ष

शीतसह ताडवृक्ष : शून्य अंश सेल्सिअसखालील तापमान काही काळ सोसून पुन्हा पालवणाऱ्या ताड-कुलातील (ॲरेकेसी) जातींना ही संज्ञा लावतात. कुलातील सु. २,६०० जातींपैकी बहुतेक उष्ण कटिबंधातल्या असल्याने अशा जाती मोजक्याच. गोव्यात हिमतुषार पडत नाही. पणजीचे जानेवारीतील सरासरी किमान तापमान २० अंशांच्या आसपास राहते. हिवाळ्यात गवतावर दव गोठल्याचे दृश्य पाहायचे तर महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी जावे लागते. तरीही गोठणीनंतरच्या उपचारांचा जो गाभा आहे, म्हणजे कोंब वाचवणे, तो गोव्यातील माड-पोफळीच्या बागायतदाराला परका नाही. त्याच्याकडे कोंब कुजवतो तो पावसाळा.

संज्ञा : ‘शीतसह’ व ‘हिमसह’ हे शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात, ते टाळावे. शून्याच्या वर, साधारण १० अंशांखालीही काही जातींच्या पेशीपटलांचे कार्य बिघडते, ही शीतबाधा. शून्याखाली पेशींच्या दरम्यान बर्फ तयार होऊन पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते; ही हिमबाधा. (येथे रूढीनुसार ‘शीतसह’ म्हटलेल्या जाती काटेकोर अर्थाने हिमसह होत.) माड शीतबाधेलाच बळी पडतो. त्याला २७ अंशांच्या आसपासचे सरासरी तापमान मानवते आणि गार दिवस लांबले की फळधारणा घटते. गोव्याच्या रोपवाटिकांत मिळणारे एरेका पाम, बॉटल पाम हेही त्याच पंक्तीतले. हौसेने उत्तर भारतात नेलेली अशी झाडे हिवाळ्यात काळवंडतात, ती बहुधा पेशींत बर्फ न होताच.

वाढीचे स्वरूप : ताड एकदलिकित (बीजात एकच दल असलेला) आहे. आंबा-फणसाच्या खोडाला जाडी देणारा व जखम भरून काढणारा ऊतककर (कँबियम) त्याला नसतो. गोव्यात रेंदेर (माडी काढणारा) माडाच्या खोडाला चढण्यासाठी ज्या खाचा पाडतो, त्या झाड उभे असेपर्यंत तशाच उघड्या राहतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या खाचेत आजही पाऊल मावते. बहुतेक एकखोडी जातींत शेंड्याशी एकच वाढबिंदू असतो. फांदी नाही, दुसरा डोळा नाही. तो मेला की झाड गेले. (खजूर व चॅमरॉप्ससारख्या बुंध्यापासून फुटवे काढणाऱ्या जाती यातून काही अंशी सुटतात, पैकी चॅमरॉप्स शीतसह जातींच्या यादीत वर आहे, हे लक्षणीय.) माडाला झाड म्हणावे की नाही हा प्रश्न गोव्यात कायद्यापर्यंत गेला होता : १९८४च्या वृक्षसंरक्षण अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून २०१६च्या दुरुस्तीने माड वगळला गेला आणि २०१७ मध्ये तो पुन्हा समाविष्ट झाला. वनस्पतिशास्त्रीय युक्तिवाद त्या वेळी दोन्ही बाजूंनी झाला. खोडाची रचना वेगळी असल्याने संरक्षणाची गरज कमी होत नाही, उलट वाढते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

जाती व त्यांच्या उगमाचा प्रश्न : अमेरिकेच्या आग्नेय भागातील नीडल पाम (रॅपिडोफायलम हिस्ट्रिक्स) सर्वांत काटक मानतात, मुरलेली झुडपे उणे २० अंशांच्या आसपास तगल्याच्या नोंदी आहेत. त्याखालोखाल चिनी ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनी, सु. उणे १२ ते १५. चिलीतील जुबिया व भूमध्य समुद्राकाठचा चॅमरॉप्स ह्यूमिलिस उणे १० च्या मागेपुढे, तर खजूर उणे ६ ते ८ पर्यंत. हे आकडे मुळे धरलेल्या प्रौढ झाडांचे, कोरड्या हवेतील व काही तासांच्याच थंडीचे असतात. ओलसर थंडी दोन दिवस टिकली तर त्यांवर विसंबता येत नाही. विक्रेत्यांच्या पत्रकांत ही अट सहसा छापलेली नसते.

ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनीचे मूळ स्थान निश्चित सांगता येत नाही. बुंध्यावरील काथ्यासाठी चीन व जपानमध्ये त्याची लागवड इतकी जुनी आहे की रानटी झाड कोणते आणि लागवडीतून सुटलेले कोणते, हे ओळखणे कठीण झाले आहे. मध्य चीनपासून उत्तर ब्रह्मदेशापर्यंतचा पट्टा बहुतेक अभ्यासक मान्य करतात. युरोपात ते सु. १८३० मध्ये जपानहून सीबोल्ट या जर्मन वैद्य-निसर्गअभ्यासकामार्फत बी-रूपाने पोहोचले. जातिनाम मात्र रॉबर्ट फॉर्च्युन या स्कॉटिश वनस्पतिसंग्राहकावरून पडले. त्याने १८४९च्या सुमारास चीनच्या चूसान बेटावरून रोपे इंग्लंडला धाडली.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने कुमाऊंचा ताड (ट्रॅ. टकील) अधिक महत्त्वाचा. पिथोरागढजवळील थलकेदार परिसरात सु. २,००० मी. वा अधिक उंचीवर, हिवाळी बर्फ पडणाऱ्या ओकच्या जंगलात तो वाढतो. पूर्वी तो खासी टेकड्यांतील ट्रॅ. मार्टियानस समजला जाई. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ बेकारी याने १९०५ मध्ये त्याचे स्वतंत्र जाती म्हणून वर्णन केले. तो फॉर्च्युनीचाच एक प्रकार असावा, असे मानणारा पक्ष आहे. १९९० च्या दशकात ताडांचे अभ्यासक गिबन्स व स्पॅनर यांनी मूळ स्थळी जाऊन पाहणी केल्यानंतर स्वतंत्र जातीचा पक्ष बळावला आणि येथे तोच ग्राह्य धरला आहे. टकील नावाने पूर्वी युरोपीय बागांत वाढलेली बरीच झाडे प्रत्यक्षात फॉर्च्युनी निघाल्याने, त्यांवरून काढलेले काटकपणाचे आकडे जपूनच वापरावेत. या जाती गोव्यात लावण्यात हशील नाही. दमट, उबदार रात्री त्यांना सोसत नाहीत.

गोठणीनंतरची निगा : पहिली शुश्रूषा म्हणजे कोयता दूर ठेवणे. करपलेली झावळी कुरूप दिसली तरी तिचा देठ हिरवा असेल तोवर ती झाडाला अन्न पुरवते, आणि मेलेलीही कोंबावर पांघरुणासारखी राहते. थंडीचा हंगाम सरल्यावरच ती उतरवावी.

त्यानंतर कोंबाची परीक्षा. मधली न उमललेली, तलवारीसारखी उभी झावळी दोन बोटांत धरून हलकेच वर ओढतात. ती घट्ट असेल तर आशा आहे. हातात आली आणि तिच्या टोकाशी तपकिरी, बुळबुळीत, आंबूस वासाचा लगदा असेल, तर गोठलेल्या ऊतकात बुरशी व जीवाणू शिरलेले असतात. पोकळीतील कुजका भाग काढून, साचलेले पाणी निपटून तीत ताम्रयुक्त बुरशीनाशक ओततात. सु. दहा दिवसांनी पुन्हा एकदा, त्याहून अधिक नाही, कारण साठलेले तांबेच कोवळ्या ऊतकाला जाळते. हौशी बागकाम करणाऱ्यांत हायड्रोजन पेरॉक्साइड लोकप्रिय आहे. ते ओतल्यावर फेस येतो आणि काहीतरी घडल्याचे समाधान मिळते. ताम्रयुक्त औषधाला मात्र अनुभवाचा आधार जास्त आहे.

गोव्यातील पाडेली (नारळ पाडणारा) श्रावणात शेंड्यावर चढल्यावर हीच परीक्षा घेतो. तेथील कोंबकुजीचे कारण फायटोप्थोरा पाल्मिव्होरा हा बुरशीसदृश जीव. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातील ताडांवरील रोगाचा अभ्यास करून कवकशास्त्रज्ञ बटलर याने १९०७ मध्ये त्याला पिथियम पाल्मिव्होरम हे नाव दिले आणि १९१९ मध्ये त्याचे फायटोप्थोरा या आजच्या प्रजातीत स्थानांतर केले. पोफळीच्या कोळे रोगाचा (फळकुजीचा) माग कोलमन याने म्हैसूर संस्थानात घेतला (१९१०). कुळागरात (पोफळीच्या बागेत) पावसापूर्वी फवारतात ते एक टक्का बोर्डो मिश्रण (१ किग्रॅ. मोरचूद, १ किग्रॅ. चुना, १०० लि. पाणी) गोठणीनंतर वापरतात त्याच ताम्रयुक्त वर्गातले. गारठलेल्या मुळांना मँगॅनीज नीट उचलता येत नाही. त्यामुळे पुढील झावळ्या खुरट्या, चुरगळलेल्या निघाल्या तर त्याला रोग समजू नये. नत्र तूर्त देऊ नये. पालाशाची कमतरता असलेले झाड थंडीला लवकर बळी पडते, म्हणून पालाश हंगामाआधी द्यावे. नवी झावळी यायला पुढचा संपूर्ण उन्हाळा लागू शकतो. तोवर झाड तोडण्याची घाई करू नये.

हिवाळ्यापूर्वी खोडाला गोणपाट गुंडाळण्याची रीत थंड प्रदेशांत आहे. कुळागरात नैऋत्येच्या उन्हापासून वाचवण्यासाठी पोफळीच्या खोडाला तिच्याच विऱ्या (झावळीच्या बुडाची रुंद आवरणे) बांधतात.

वाचलेल्या झाडाच्या खोडावर त्या वर्षीची खूण राहते : कमी वाढीच्या काळात खोड बारीक होते आणि पुढे पुन्हा जाड होत जाते. ऊतककर नसल्याने ती कंबर नंतर भरत नाही. दुष्काळी वर्षाची अशीच खूण माडावरही उमटते.