नीडलपॉइंटच्या कामाला लावायचं मागचं कापड

नीडलपॉइंट म्हणजे जाळीदार कडक कॅनव्हासवर लोकर, सुती दोरा नाहीतर रेशीम घेऊन सगळा भाग टाक्यांनी भरून काढायचं भरतकाम. आपल्याकडच्या मॅटीवरच्या कामाचं हे जवळचं नातेवाईक, फक्त मॅटीवर मोकळी जागा सोडलेली चालते आणि इथे कॅनव्हासचा एक धागासुद्धा दिसता कामा नये. काम भरून झालं की त्याची उशी, पट्टा, गालिचा, भिंतीवरचा पडदा असं काहीतरी होतं आणि त्यासाठी मागून जे कापड जोडतात ते बॅकिंग. भरायला महिनोन्‌महिने जातात आणि बॅकिंग एका दुपारी लागतं, म्हणून नेमकी इथेच घाई होते, घरात पडलेला पातळ अस्तराचा तुकडा जोडून लोक मोकळे होतात आणि मग दोन-तीन वर्षांत उशी शिवणीत फाटते. पुढचं काम ठणठणीत, मागचं कापड विरलेलं, हे बघून खरंच वाईट वाटतं.

भरलेला कॅनव्हास जड असतो आणि फारसा ताणला जात नाही. त्यामुळे मागचं कापडही वजनदार, घट्ट विणीचं आणि न ताणणारं लागतं. पण पुढच्यापेक्षा राकट नको, कारण झीज व्हायचीच असेल तर ती बॅकिंगची व्हावी. ते उसवून नवं लावता येतं, कॅनव्हास नवा आणता येत नाही.

कापड निवडायच्या आधी काम सरळ करून घ्यायचं असतं. नीडलपॉइंटचा नेहमीचा टाका तिरका, प्रत्येक टाका कॅनव्हासला एकाच बाजूला ओढतो, त्यामुळे चौकोन हळूहळू कलतो. मग काम ओलसर करून पाटावर न गंजणाऱ्या टाचण्यांनी ताणून बसवतात आणि पूर्ण वाळेपर्यंत हलवत नाहीत, याला ब्लॉकिंग म्हणतात. वाकडं काम तसंच जोडलं तर कितीही चांगलं कापड लावा, उशी पिळवटलेलीच दिसणार. तिरका टाका बास्केटवीव्ह पद्धतीने, म्हणजे तिरप्या ओळींत, घातला असेल तर काम कलतं कमी आणि मागच्या बाजूला दोऱ्यांचीच एक वीण तयार होते, ती स्वतःच मजबूत असते. हाफ क्रॉस पद्धतीत लोकर वाचते पण पाठ अगदी विरळ राहते, तिथे बॅकिंग जाड घ्यावं.

उशीसाठी वर्षानुवर्षं चालत आलेलं कापड म्हणजे सुती वेल्वेटीन, आखूड लवेचं मखमलीसारखं कापड. जाड, दिसायला भारदस्त आणि लोकरीच्या रंगांशी छान जमतं. त्याची लव कुठल्या दिशेला झुकते ते हात फिरवून बघायचं आणि ती वरून खाली येईल असं कापायचं. शिवताना मात्र ते सरकतं, दोन्ही थर एकत्र चालतच नाहीत, म्हणून आधी हाताने कच्चा टाका घालायचा आणि मगच मशीनवर घ्यायचं. लिननही उत्तम, गादीपाट तर फारच टिकाऊ, पण ही सुती-लिनन कापडं आधी गरम पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावीत, नाहीतर पुढे पहिल्या धुण्यात आटतात आणि पुढचं काम चुरगळून जातं.

आता सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते अल्ट्रास्वीडचं. जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी 1970 मध्ये हे मऊ स्वीड चामड्यासारखं दिसणारं कृत्रिम कापड तयार केलं, अतिशय बारीक पॉलिएस्टरचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं पॉलियुरेथेन. कापलेली कड उसवत नाही हा त्याचा मोठा गुण, म्हणून अमेरिकेत ख्रिसमसच्या झाडावर टांगायच्या छोट्या वस्तू, चष्म्याची घरं असल्या कड दुमडायला जागा नसलेल्या कामांना ते सर्रास लावतात. महाग आहे, पण छोट्या वस्तूला लागतं किती! पट्ट्याला मात्र खरं चामडंच हवं, रोजची ओढाताण आणि बक्कल दुसरं काही सहन करत नाही.

इंग्लंडमधल्या चर्चमध्ये गुडघे टेकायच्या उशा बघितल्या की बॅकिंगवर किती भार येतो ते कळतं. विंचेस्टर कॅथेड्रलसाठी लुइसा पेसेल आणि सिबिल ब्लंट यांनी 1931 मध्ये हे काम सुरू केलं, स्वयंसेवक बायकांनी शेकडो उशा भरल्या. अशी उशी थंड दगडी फरशीवर ठेवली जाते, घासली जाते, वरून माणसाचं वजन पडतं. म्हणून असल्या उशीचा तळ वेगळा करावा, रेक्झिन किंवा जाड कॅनव्हासचा, नाजूक कापड तिथे उपयोगाचं नाही.

गालिच्याला मागून डिंक किंवा लॅटेक्स (रबराचा चिकट थर) लावू नये, हे मी ठामपणे सांगेन. लॅटेक्स पहिल्यांदा छान धरून ठेवतं, काही वर्षांनी कडक होऊन त्याची भुकटी पडायला लागते, जे चिकटलेलं असतं ते निघत नाही आणि पुन्हा धुणं-ताणणं सगळंच अवघड होऊन बसतं. त्यापेक्षा जाड लिनन किंवा सुती कापड शिवून लावावं, मध्ये मध्ये सैल टाक्यांच्या ओळी घालून धरावं. तरटही बॅकिंगला नको, तागाचे तंतू काळाबरोबर ठिसूळ होतात आणि कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात दमट होऊन कुबट वास धरतात. भिंतीवरच्या पडद्याचं अस्तर वरून आणि बाजूंनी शिवून खालची कड मोकळी सोडतात, म्हणजे हवेतल्या ओलाव्याने दोन कापडं कमीजास्त झाली तरी पडद्याला फुगे येत नाहीत.

मुंबईत मंगलदास मार्केटमध्ये वेल्वेटीन, लिनन बघायला मिळतं, गादीपाट आणि मांजरपाट तर कुठल्याही गादीवाल्याकडे. खुर्चीच्या बैठकीला वेगळं बॅकिंग लागतच नाही, आधी मांजरपाटाने गादी घट्ट बांधून घ्यायची आणि त्यावर भरलेलं काम ताणून बसवायचं.

शिवताना भरलेल्या भागाच्या बाहेर निदान एक इंच कोरा कॅनव्हास ठेवावा, दोन असला तर आणखी बरं, आणि त्याची कड आधी झिगझॅग करून घ्यावी. अगदी कडेला कापलं की धागे सुटतात आणि शिवण टाक्यांसकट निघून येते. शिवण भरलेल्या शेवटच्या ओळीवरून न्यायची, ओळीबाहेरून नाही, म्हणजे उलटवल्यावर पांढरा कॅनव्हास डोकावत नाही. कडेला पायपिंग हवं असेल तर त्याची पट्टी उरेब, म्हणजे कापडाच्या तिरक्या दिशेने, कापायची, सरळ पट्टी कोपऱ्यावर वळत नाही. आणि एका बाजूला चेन ठेवावी, कारण लोकरीला कसर लागते आणि वर्षातून एकदा तरी उशी उघडून आत बघता यायला हवं.