जवसाच्या जेलमध्ये कोलॅजन असतं का?

"जवस उकळून केलेलं जेल म्हणजे घरगुती कोलॅजन, रोज लावा, सुरकुत्या जातील" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय.

कोलॅजन हे प्राण्यांच्या (म्हणजे आपल्याही) शरीरातलं, त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन. वनस्पतींमध्ये ते तयारच होत नाही. जवसाचा तो बुळबुळीत चिकटा म्हणजे पाण्यात फुगणारी कर्बोदकं. त्याचा थर वाळताना आक्रसतो, म्हणून चेहरा घट्ट वाटतो. खात्री करायची तर जेल धुऊन टाका आणि काही तासांनी आरशात बघा. (खरं कोलॅजन लावलं तरी त्याचा रेणू इतका मोठा, की तो धड त्वचेत शिरत नाही.)

मग वनस्पतींचा काहीच उपयोग नाही? तसंही नाही. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे त्वचेत कोलॅजन तोडणारी विकरं (एन्झाइम्स) वाढतात. ग्रीन टीमधली कॅटेचिन्स नावाची द्रव्यं त्यांना आवर घालतात, असं प्रयोगशाळेत पेशींवर दिसलंय. पण तेवढ्यावरून चहा पिऊन सुरकुत्या थांबतील असं म्हणता येत नाही. आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्व मात्र शरीराला कोलॅजन घडवायला लागतंच, आणि ते खाण्यातून मिळतं.

असलेलं कोलॅजन टिकवायला छत्री आणि सनस्क्रीन जास्त कामाची. दंडाच्या आतली आणि मनगटावरची कातडी शेजारी ताडून पाहा: वय तेच, फरक बहुतांशी उन्हाचा.